सोवळ्यातला नळ

श्रीरंग पांढरीपांडे यांना तोफगोळ्यांच्या सरकारी फॅक्टरीत सगळे पांडेजी म्हणत. पूर्ण आडनाव उच्चारण्याचा धीर जबलपुरात फारसा कुणाला झाला नाही, आणि त्यांनीही कधी कुणाला दुरुस्त केलं नाही. मात्र पाइपाला एक आटा कमी पडला असेल, तर ते समोरच्याला अख्खा तुकडा पुन्हा कापायला लावत. बेचाळीस साली, महायुद्धाच्या भरतीत, ते फिटर म्हणून लागले. वाफेच्या नळ्या जोडायच्या, हे त्यांचं काम. त्यांनी जोडलेला सांधा कधी गळला नाही, असं त्यांच्या शॉपमधली, म्हणजे फॅक्टरीतल्या त्यांच्या विभागातली, माणसं अजून सांगतात. अशा माणसाच्या हातून आयुष्यात एकच सांधा खोटा बसला, आणि तो घरातला होता. तो गळला असता तर बरं झालं असतं. गळला नाही, म्हणून सहा वर्षं निभावला.

घर राइट टाउनात, वडिलांनी बांधलेलं. वडील रेल्वेत हेडक्लार्क. गल्लीत नळ आले त्या वर्षी त्यांनी मोठ्या हौसेनं घरभर लोखंडी पाइप खेळवले आणि वरून चुन्याचा गिलावा केला. पाइप भिंतीत गेले ते गेलेच. पुढची तीस-पस्तीस वर्षं कुणी त्यांचं तोंड पाहिलं नाही. पासष्ट सालापर्यंत त्यांची अशी गत झाली होती, की सकाळी नळ सोडला की आधी चहाच्या रंगाचं पाणी यायचं, मग सुतळीएवढी धार. मोरीतल्या नळाखाली बादली लावून माणूस दाढी उरकून यायचा, तरी ती अर्धीच भरलेली. शेजारपाजारचे हसायचे. एवढा पट्टीचा फिटर, आणि घरच्या नळाला धार नाही. श्रीरंगराव म्हणायचे, पुढच्या सुट्टीत करतो. सुट्टी आली की ते झोपायचे.

त्यांच्या आईला, अनसूयाबाईंना, या नळांचं काही सोयरसुतक नव्हतं, कारण त्यांनी जन्मात नळाचं पाणी प्यायलं नव्हतं. नळाच्या पोटात पाणी अडवायला चामड्याचा वायसर असतो, हे त्यांना लग्नानंतर कुणीतरी सांगितलं, आणि तेव्हापासून नळ त्यांच्या लेखी आंघोळीपुरता आणि भांडी घासण्यापुरता उरला. देवांना, स्वयंपाकाला आणि प्यायला पाणी मागच्या अंगणातल्या विहिरीचं, तेही आंघोळ करून, ओलेत्यानं शेंदलेलं. आज हे ऐकून कुणाला हसू येईल, कुणाला रागही येईल, आणि दोन्ही रास्तच आहे. कातड्यात हात घालणाऱ्या माणसांना या सोवळ्यानं काय दिलं, ते अनसूयाबाईंच्या कधी मनातही आलं नाही. पण त्यांच्यापुरतं सांगायचं तर वैधव्यात त्यांच्याजवळ स्वतःचं म्हणावं असं तेवढं एकच उरलं होतं, आणि त्या ते जिवापाड सांभाळत होत्या.

त्याचा भार मात्र पडायचा सुनेवर. शैलजावहिनींनी पंधरा वर्षं, जबलपूरच्या थंडीतसुद्धा, भल्या पहाटे ओल्या लुगड्यानं सहा-सहा हंडे पाणी ओढलं. पासष्टच्या उन्हाळ्यात त्यांची कंबर धरली ती सुटेना. डॉक्टरांनी सांगितलं, वजन उचलायचं नाही. मग पावसाळ्यात अडुसष्ट वर्षांच्या अनसूयाबाई कुणाला न सांगता स्वतः विहिरीवर गेल्या, शेवाळावरून घसरल्या आणि मनगट मोडून घेऊन आल्या. श्रीरंगराव फॅक्टरीतून परतले तेव्हा एक बाई आडवी, दुसरीचा हात गळ्यात बांधलेला, आणि घरात प्यायला पाणी नाही. त्या संध्याकाळी त्यांनी ठरवलं, की तूर्त पाणी आपण शेंदायचं, पण घरातले सगळे पाइप काढून नवे टाकायचे आणि स्वयंपाकघरात आईला चालेल असा नळ द्यायचा.

आईशी बोलायला ते जरा घाबरतच गेले. पण अनसूयाबाई शांत होत्या.

"नळाशी माझं काही भांडण नाही, श्रीरंगा. लोखंड चालते, पितळ चालते. त्याच्या पोटात कातडं असते, ते नाही चालत."

"रबराचा वायसर घालतो, आई."

"तू घालशील ना? बाजारच्या माणसाच्या हातचं नको बाप्पा."

"मीच घालीन."

"मग पास करून दे. पास झालं की पिईन."

हे 'पास' त्यांनी मुलाकडूनच उचललं होतं. फॅक्टरीत तयार झालेली कुठलीही वस्तू इन्स्पेक्टर पाहतो, मोजतो, आणि ठीक असली तर तिच्यावर शिक्का मारतो. शिक्क्याशिवाय खिळासुद्धा शॉपबाहेर जात नाही. श्रीरंगराव नोकरीला लागल्यावर कौतुकानं हे घरी सांगत, आणि अनसूयाबाईंना ते फार पटलं. त्यांना त्यात सोवळ्यासारखंच काहीतरी दिसलं असावं. तेव्हापासून घरात वरणाला फोडणी बसली की मुलाला चव घ्यायला लावून त्या विचारायच्या, पास? लोणच्याची बरणी, पुढं सासरी गेलेल्या नातीचं स्थळ, सगळ्याला श्रीरंगरावांचा शिक्का लागायचा. आणि श्रीरंगराव चुकूनही उगाच 'पास' म्हणत नसत. खारट असेल तर खारट म्हणायचे.

सप्टेंबर लागता लागता त्यांनी आठ दिवसांची रजा काढली आणि भिंती फोडायला घेतल्या. तसं काम त्या गल्लीनं पाहिलं नव्हतं. सोवळ्यातलं स्वयंपाकघर असल्यानं तिथं जाताना त्यांना आंघोळ करून कद नेसावा लागे. उघड्या अंगानं, रेशमी कद खोचून, हातात पाइपपाना घेतलेले पांडेजी पाहून समोरच्या घरातल्या बाया तोंडाला पदर लावायच्या. जुने पाइप निघाले ते पाहण्यासारखे होते. एक तुकडा त्यांनी करवतीनं कापून आईला दाखवला. आतून गंज साचून साचून बोट जाईल एवढंही भोक उरलं नव्हतं. "इतकी वर्षं पाणी येत होतं हेच नवल," ते म्हणाले. अनसूयाबाई म्हणाल्या, बरं झालं मी नाही प्यायले.

सहा दिवसांत अंगण, मोरी, न्हाणीघर, पायखाना, सगळीकडे नवे पाइप गेले. प्रत्येक आट्यावर ताग गुंडाळून, सफेदा लावून त्यांनी सांधे असे आवळले, जणू त्यातून वाफच जायची होती. चारही नळांना रबराचे वायसर घातले. तिथं आईचं काही अडलं नव्हतं, पण एकदा रबर म्हटलं की रबर. स्वयंपाकघराचा नळ शेवटी ठेवला, कारण पाणी जिकडून येतं तिकडून लाइन तपासत यायची ही फिटरची रीत. तो नळ मोठ्या मापाचा होता, हंडा लवकर भरावा म्हणून मुद्दाम आणलेला. त्या मापाचा रबराचा वायसर बाजारात एकच मिळाला होता.

सातव्या दिवशी सकाळी फॅक्टरीचा माणूस सायकल मारत दारात आला. लढाई सुरू झाली होती, सगळ्यांच्या रजा रद्द, दुपारच्या भोंग्याला हजर व्हायचं. श्रीरंगरावांनी घाईनं नळ बसवला, पाणी सोडलं, नळ आवळला. तो बंद होईना. पुन्हा आवळला, तशी आत काहीतरी तुटल्याची जाणीव झाली. खोलून पाहिलं तर रबर कच्चं निघालं, चिरून त्याचे दोन तुकडे झाले होते.

ते तसेच कदावर सदरा चढवून नथ्थूच्या नळसामानाच्या दुकानात गेले. नथ्थूनं खोके उलटेपालटे केले आणि मान हलवली. "लड़ाई लग गई है पांडेजी, रबर अब कहाँ मिलेगा। चमड़े का ले जाइए, बरसों चलेगा।" श्रीरंगराव दुकानाची पायरी उतरून पुन्हा वर आले. घरी मुख्य नळ बंद, थेंबभर पाणी नाही. आई सकाळी आंघोळ करून, नव्या नळाचंच पाणी घ्यायचं म्हणून, घसा कोरडा ठेवून बसलेली. आईला खरं सांगितलं, तर आपण पाळीवर असताना शैलजा कंबर धरून विहिरीवर जाणार. थांब म्हणून ती थांबणाऱ्यातली नव्हती. आठ दिवसांत कुठूनही रबर मिळवू आणि बदलून टाकू, असं मनाशी म्हणत त्यांनी तो वायसर मुठीत घेतला.

नळ बसवताना शैलजावहिनी शेजारीच उभ्या होत्या. मुठीतून काय निघालं ते त्यांनी पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं. त्यांचा एक हात कमरेवर होता.

अनसूयाबाई आल्या. उजवा अजून झोळीत, म्हणून डाव्या हातानं त्यांनी नळाला गंध लावलं, फूल वाहिलं, तांब्या खाली धरला आणि वळून विचारलं,

"पास?"

"पास," श्रीरंगराव म्हणाले.

त्या घटाघटा प्यायल्या. पाणी गोड आहे म्हणाल्या. श्रीरंगराव कपडे बदलून धावतपळत फॅक्टरीकडे, रांझीला जाणाऱ्या बसच्या थांब्यावर पोचले, आणि वाटेत त्यांना काय वाटत होतं म्हणाल, तर फक्त बस चुकू नये एवढंच वाटत होतं. हे त्यांना पुढं फार टोचलं.

लढाई तीन आठवड्यांत थांबली, पण बारा-बारा तासांची पाळी पुढं कितीतरी दिवस चालू राहिली. आठाचे पंधरा दिवस झाले, पंधराचे दोन महिने. दिवाळीनंतर त्या मापाचा चांगला रबरी वायसर मिळालाही. तो त्यांनी हत्यारांच्या पेटीत, कागदात गुंडाळून ठेवला. काम दहा मिनिटांचं होतं. पण नळ खोलायचा तर आई विचारणार, काहून? नुकताच तर पास केला होता. आई एकादशीला नर्मदेच्या ग्वारीघाटावर जायची तेव्हा घर मोकळं असायचं. तेव्हा श्रीरंगराव पेटीपर्यंत जाऊन परत यायचे. दोन महिने ती जे प्यायली ते तर प्यायलीच, ते काही परत येत नाही, मग आता बदलून काय होणार, असं ते स्वतःला समजवायचे. पुढं ते दोन महिने दोन वर्षांचे झाले आणि समजूत होती तीच राहिली. हा आळस होता की भीती, हे त्यांना स्वतःलाही शेवटपर्यंत नीट सांगता आलं नाही. माझ्या मते दोन्ही होतं, आणि वर थोडा अभिमान होता. ज्याच्या शिक्क्यावर घर चालतं, त्याला शिक्का चुकला म्हणणं जड जातं.

शैलजावहिनींनी एकदाच विषय काढला. "सांगून टाका आईंना. मी पुन्हा शेंदीन पाणी," त्या म्हणाल्या. श्रीरंगराव म्हणाले, पाहू. वहिनींनी पुन्हा विचारलं नाही, आणि त्याबद्दल त्यांचंही मन त्यांना खात असे, कारण कंबर त्या नळानंच सावरली होती.

इकडे अनसूयाबाईंना त्या नळाचा केवढा अभिमान. भजनाला जमलेल्या बायांना त्या सांगायच्या, माझ्या मुलानं नळ सोवळ्यात आणून दिला. बाया त्यांच्यामागून हसायच्या, पण एक जण हसली नाही. मागच्या गल्लीतल्या इंदिराबाई, अनसूयाबाईंसारख्याच विधवा, तशाच कडक आणि घरात एकट्या. जन्मभर परक्या घरी पाणी न घेतलेल्या त्या बाई अनसूयाबाईंकडे आल्या की त्या नळाचं तांब्याभर पाणी मागून प्यायला लागल्या. वर्षभरानं त्यांनी श्रीरंगरावांना बोलावून घेतलं. "श्रीरंगा, माझ्याही घरी पाइप टाकून दे. विहिरीवर आता नाही होत."

श्रीरंगरावांनी त्यांच्या घरचं काम दोन रविवार खपून केलं. नळाचे वायसर स्वतः निवडले, वाकवून, ताणून पाहिले, एकाऐवजी तीन जास्तीचे आणले. सगळीकडे रबर, अस्सल. इंदिराबाईंनीही अनसूयाबाईंसारखंच 'पास?' विचारलं, श्रीरंगरावांकडून 'पास' ऐकलं, मगच तांब्या भरला. त्या दिवशी घरी येताना श्रीरंगरावांना हलकं वाटायला हवं होतं. परक्या बाईला खरं दिलं आणि आईला खोटं, हे त्यांना त्याच दिवशी पहिल्यांदा पुरतं उमगलं. तरी पेटीतला कागद उघडला गेला नाही.

एकाहत्तरच्या डिसेंबरात पुन्हा लढाई लागली, पुन्हा पाळ्या, खिडक्यांना पुन्हा काळे कागद. त्याच आठवड्यात अनसूयाबाईंच्या छातीत कफ भरला आणि डॉक्टरांनी हात टेकले. श्रीरंगराव सकाळची पाळी करून आले, आईचा चेहरा पाहिला, आणि तसेच सायकलवर बसून ग्वारीघाटाला गेले. नावाड्याला म्हणाले, भैया, मँझधार में ले चलो. पात्राच्या मधोमध जाऊन त्यांनी तांब्या भरून घेतला. आईच्या तोंडात शेवटचं पाणी तरी निर्मळ पडावं, एवढ्यासाठी त्रेपन्न वर्षांचा तो माणूस एका हातात तांब्या धरून, दुसऱ्या हातानं सायकल सावरत, सगळा रस्ता चढत आला.

उन्हं अजून अंगणात होती. आईजवळ बसून त्यांनी पळी भरली. अनसूयाबाईंनी विचारलं, कुठलं? नर्मदेचं, ते म्हणाले. त्यांनी मान बाजूला केली.

"ते सगळ्यांचंच आहे रे. मला आपल्या नळाचं दे. तू केलेलं."

"आई, एक सांगायचं होतं."

"पास आहे ना?" त्या म्हणाल्या. हसत होत्या, घरातली जुनी गंमत होती ती.

दारात शैलजावहिनी उभ्या होत्या. श्रीरंगराव म्हणाले, "पास आहे."

ते स्वयंपाकघरात गेले, नर्मदेचा तांब्या हातातच होता. तोच तांब्या घेऊन परत गेले असते तर आईला काही कळणार नव्हतं. आणखी एवढं एक खोटं, आणि तिच्या मुखी नर्मदा पडली असती. पण तिनं आपल्या नळाचं मागितलं होतं, आणि आईनं मागितलेलं आईला द्यावं, एवढंच त्यांना त्या वेळी सुचलं. त्यांनी नळ सोडला. अनसूयाबाई दोन पळ्या प्यायल्या आणि सांज व्हायच्या आत गेल्या. आपण बरं केलं की वाईट, हे ते पुढं अनेकदा स्वतःला विचारत राहिले.

चौदाव्या दिवशी सकाळी श्रीरंगरावांनी आंघोळ केली, कद नेसला आणि पेटीतला तो कागद उघडला. नळ खोलून जुना वायसर काढला. सहा वर्षं पाण्यात राहून तो मऊ झाला होता, पण शाबूत होता. नथ्थू खोटं बोलला नव्हता. नवं रबर घालून त्यांनी नळ बंद केला. शैलजावहिनी दारातून पाहत होत्या.

"आता काहून?" त्यांनी विचारलं.

श्रीरंगरावांनी हात पुसले. जुना वायसर त्यांनी खिडकीत ठेवला.

दुपारी इंदिराबाई आल्या. शोकाचं बोलून झालं, डोळे पुसून झाले, आणि निघताना त्या म्हणाल्या, अनसूयाच्या नळाचं तांब्याभर पाणी दे, एवढं पिऊन जाते. शैलजावहिनी उठल्या. श्रीरंगरावांनी हातानं त्यांना थांबवलं, आणि सहा वर्षं जे आईला सांगता आलं नाही ते तिथं, त्या एकट्या म्हातारीसमोर, सगळं सांगून टाकलं. खिडकीतला वायसरही दाखवला. ती रागावेल, दोन शब्द सुनावेल, आणि कुणीतरी सुनावल्यावर छातीवरचा धोंडा उतरेल, अशी त्यांना आशा होती.

इंदिराबाई रागावल्या नाहीत. पदर आवरून त्यांनी तो वायसर जवळून पाहिला.

"अनसूयाला सांगितलं होतं?"

"नाही."

"सहा वर्षांत एकदाही नाही?"

"नाही, मावशी."

"मग मला काहून सांगितलं रे?"

श्रीरंगराव गडबडले. ते म्हणाले, तुमच्या घरचे वायसर अस्सल रबराचे आहेत, शंका नको, मी आत्ता येतो आणि प्रत्येक नळ खोलून दाखवतो. इंदिराबाई काठी टेकत उठल्या.

"कशाला दाखवतोस? तेव्हाही तू पासच म्हटलं होतं."

त्या गेल्या. पुन्हा त्या घरी आल्या नाहीत, आणि त्यांनी बाहेर कुणाला एक शब्दही सांगितला नाही. तेवढी दया त्यांनी केली.

पण दुसऱ्या दिवसापासून मागच्या गल्लीतून, पहाटेच्या गारठ्यात, रहाटाचा करकर आवाज येऊ लागला. पाच वर्षं तो बंद होता. सत्तरी गाठलेली बाई ओलेत्यानं एकेक कळशी ओढत होती, मधे थांबत होती, पुन्हा ओढत होती. सकाळच्या पाळीला निघालेले श्रीरंगराव तिच्या भिंतीपाशी सायकलवरून उतरायचे, आवाज थांबेपर्यंत उभे राहायचे आणि मग पुढं जायचे. एकदा त्यांनी भिंतीआडून हाक मारली, मावशी, मी ओढून देतो. आत कळशी ओतल्याचा आवाज झाला आणि रहाट पुन्हा करकरला. तिच्या नळात खरोखरच रबर होतं, आणि ते आता तिला कुणी सांगू शकत नव्हतं.